आठ ओळींची दुरुस्ती

मुंजाजी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या एका प्रेसमध्ये उभी होते आणि त्यांचंच पत्रक मशीनवर चढलं होतं. पहिला कागद नुकताच बाहेर आला होता, शाई ओली होती, बोटाला लागत होती. फोन सरांच्या थोरल्या भावाचा, ग्यानबा आबांचा. आबा मेंढरं राखतात, फोनवर कमी बोलतात. म्हणाले, "मुंज्या गेला, बाई. आता घाई करू नको." घाई करू नको असं म्हणाले, कारण आदले दोन दिवस मीच त्यांना सारखा फोन करून सांगत होते... आज आणते, आज नाही जमलं तर उद्या सकाळी घेऊनच येते, सरांना सांगा. प्रेसवाला मला विचारत होता, ताई, चालू ठेवू का बंद करू? मी रोज माईकवर बोलणारी बाई, मला दोन शब्दांतला एक निवडता येईना. मशीन आपली चालू राहिली आणि कागदावर कागद पडत राहिला.

पत्रकात काय होतं, ते सांगायचं तर पंधरा वर्षं मागं जावं लागेल. मुंजाजी सरांनी मला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं. आमचं गाव कुरुंद्याकडचं, हळदीचं. सर सिद्धेश्वर धरणाच्या अंगाचे, मेंढरं पाळणाऱ्या घरातले. त्यांच्या घरात शाळा शिकलेला हा पहिलाच माणूस, आणि शिकून आला तो इंग्रजीच शिकवायला लागला. त्यांची पद्धत अशी की इतर सगळं पुस्तकाप्रमाणं, पण शनिवारी पुस्तक बंद. शनिवारी फळ्यावर वर्षभर एकच क्रियापद, 'कीप'. प्रत्येकानं आपल्या घरात चालणारं एक काम घेऊन यायचं आणि तिथं 'कीप' बसतं का ते सर सांगणार. बसलं तर फळ्यावर पोराच्या नावासकट लिहिणार आणि मग स्वतःच्या वहीत उतरवून घेणार. कुणी आणलं, आई उपास धरते. बसतं. कुणी आणलं, बाप दिलेला शब्द पाळतो. बसतं, पण बाप खरंच पाळतो का, ते घरी विचारून ये. कुणी आणलं, आजी लोणचं घालते ते वर्षभर टिकतं. बसतं, इंग्रजीत लोणचं स्वतःच 'कीप' करतं, त्याला कुणी लागत नाही. वर्ग हसायचा. एकानं आणलं, विकेटकीपर. सर म्हणाले, हे तुझ्या घरात चालणारं काम न्हाई, पण तू दिवसभर तेच करून राहिला, म्हणून लिहितो.

मी आणलं होतं हळदीचं बेणं. आमच्याकडं हळद निघाली की चांगले गड्डे बाजूला काढतात, लिंबाखाली सावलीत ढीग घालतात, हळदीच्याच पाल्यानं झाकतात. पुढच्या लागवडीपर्यंत माझी आई रोज त्या ढिगाकडं एक चक्कर मारायची. हात लावायची नाही, नुसती बघून यायची. सर म्हणाले, "बराबर. हे तर एकदम बराबर." आणि लिहिलं, रेखा, बेणं. एवढा मान मला आजवर कुठल्याही व्यासपीठावर मिळाला नाही.

वर्षाच्या शेवटच्या शनिवारी सर फळ्यावर उभी रेघ मारायचे आणि उजवीकडं लिहायचे, मूळ. मग सांगायचे की हा शब्द लॅटिनमधल्या 'कापेरे' या धातूपासून आला. कापेरे म्हणजे पकडणं. त्यातूनच कॅप्चर, त्यातूनच कॅप्टिव्ह, आणि त्यातूनच आपला कीप. सांगताना ते हात पुढं करायचे, पंजा उघडायचे आणि सावकाश मूठ वळायचे. राखायचं असेल तर आधी पकडावं लागतं, म्हणायचे. पोरं घरी जाताना रस्त्यानं मुठी वळत जायची. मीही वळली होती.

आता माझी करणी ऐका. बी.ए. झाल्यावर मी सेनगावला येऊन एका संघटनेचं काम धरलं. पहिलं मोठं काम आलं ते सरांच्याच वस्तीमागच्या गायरानाचं. बड्या शेतकऱ्यांनी कडेकडेनं ते खायला सुरुवात केली होती आणि मेंढरांना पाण्याकडं जायची वाट उरत नव्हती. पत्रक लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक... मी लिहिलं की 'कीप' म्हणजे राखणं, आणि इंग्रज लोकसुद्धा सांगतात की त्याचं मूळ पकडण्यात आहे. वर मूठ छापली. खाली घोषणा दिली, 'पकडेल तोच राखेल'. ती घोषणा अशी चालली की विचारू नका. मोर्च्यात चालली, बसच्या निवाऱ्यावर लाल ऑइलपेंटनं चढली, वस्तीच्या पाण्याच्या हौदावर चढली. सर तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन वस्तीवर राहायला आले होते. त्यांनी ते पत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. द्रुपदाकाकू, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाल्या होत्या, "आमच्या लग्नाचा फोटू बी इतका नीट लावला न्हाई त्यायनं."

मोर्चे झाले, अर्ज गेले, मोजणी व्हायची ती झाली नाही. आणि एका सकाळी गायरानाच्या पाण्याकडच्या अंगाला सिमेंटचे खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या. कुणी ओढल्या ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ग्यानबा आबा मेंढरं घेऊन तारेपाशी उभे राहिले आणि तारा ओढणाऱ्या बागायतदाराच्या पोराला त्यांनी विचारलं, काहून रे, ही वाट का तुझी हाय? त्या पोरानं हौदाकडं बोट केलं. म्हणाला, "तुमच्याच भिंतीवर लिव्हलंय की, आबा. पकडेल तोच राखेल. म्या पकडली."

हे मला कळलं तेव्हा मी संतापले, भाषण केलं, दुसरं पत्रक काढलं. आपल्याच घोषणेचा त्यांनी गैरवापर केला, असं त्यात लिहिलं. गैरवापर! चाकू मीच धार लावून रस्त्यात ठेवला होता. पण तेव्हा मला ते दिसत नव्हतं. आंदोलनात माणसाला फक्त समोरचा दिसतो.

त्याच सुमारास सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्याहून त्यांना एक जाडजूड शब्दकोश पाठवला. कुठला शब्द कुठून आला, ते सांगणारा. सरांनी हात धुतले, जमिनीवर चादर अंथरली, त्यावर कोश ठेवला आणि सगळ्यात आधी कुठला शब्द काढला असेल, ते सांगायला नको. काकू सांगतात की त्या दिवशी ते जेवले नाहीत. चष्मा पुसायचे, परत वाचायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. काकूंना वाटलं कुणाच्या तरी मरणाचं पत्र आलंय. कोशात लिहिलं होतं की 'कीप' लॅटिनमधून आलेला नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो अचानक उगवतो. शेजारपाजारच्या भाषांत त्याचं एकही भावंड सापडत नाही. तेव्हाच्या भाषांतरांत तो लक्ष देणं, नजर ठेवणं अशा अर्थानं आलेला आहे, धरण्याच्या अर्थानंही आलेला आहे, पण त्याआधी कुठून आला, ते कुणालाच माहीत नाही. कापेरे कुठंच नव्हतं. सरांनी ते कधीतरी तरुणपणी स्वतःच जुळवलं होतं, आवाज जवळचा वाटला म्हणून. आणि नोकरीभर मूठ वळून शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते उठले ते थेट माळावर भावाकडं गेले. हे मला आबांनीच सांगितलं. झालं असं होतं की सर नोकरीला लागले तेव्हा आबांनी एकदा सहज विचारलं होतं, तू पोरांना काय शिकवून राहिला? सरांनी सांगितलं, राखणं म्हणजे मुळात पकडणं. आबा म्हणाले होते, छट्. एक मेंढरू पकडशील तर बाकीची जातील. राखणं म्हंजे नुसतं बघत राहणं. सर तेव्हा हसले होते आणि म्हणाले होते, दादा, हे इंग्रजी हाय, तुला न्हाई कळायचं. आता इतक्या वर्षांनी ते माळावर आबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, दादा, तू म्हणत होता तसं बी पुस्तकात हाय. आबांना आधी काही आठवेचना. मग म्हणाले, "बरं झालं. पण तू उन्हात टोपी न्हाई घातली."

त्यानंतर सरांनी जे केलं त्याला गावातल्या निम्म्या लोकांनी येडेपणा म्हटलं. त्यांनी शाळेच्या जुन्या वहीतून पोरांची नावं काढली आणि एसटीनं, जीपनं, कुणाच्या दुचाकीवर मागं बसून, एकेकाला गाठायला लागले. कुणी वसमतला ट्रॅक्टर दुरुस्त करतो, कुणी बँकेत आहे, कुणी सोयाबीन काढतोय. सर बांधावर उभे राहून सांगायचे, मी तुला मूळ चुकीचं शिकवलं, ते खोडून टाक. लोकांना वाटायचं, सर घरातल्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेत किंवा काहीतरी मागायला आलेत. ट्रॅक्टरवाला म्हणाला, सर, मला कीपच आठवंना, मूळ कुठून खोडू? सर म्हणाले, मग आधी कीप शिक. आणि तिथं टायरवर बसून अर्धा तास शिकवून आले. हे सांगताना ते स्वतःच हसत होते. पण शेवटी गंभीर झाले. म्हणाले, "तोंडानं पोचत न्हाई, बाई. चूक छापून गेली, दुरुस्ती पायी चालली."

म्हणजे ते माझ्याकडं आले होते. सेनगावच्या आमच्या कार्यालयात, प्लास्टिकच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन. खिशातून घडी घातलेला कागद काढला. आठ ओळी होत्या, त्यांच्या त्या तिरप्या, मोकळ्या अक्षरात. म्हणाले, एवढं छाप, जिथं जिथं पहिलं वाटलं तिथं वाट, आणि हौदावरचं पुसून घे. मी कागद वाचला आणि खोटं कशाला बोलू, मला राग आला. तारेविरुद्धची आमची केस कोर्टात उभी होती, तार तशीच होती, आणि सर म्हणत होते की घोषणा मागं घ्या. मी म्हणाले, सर, लोक म्हणतील संघटनेनं माघार घेतली. ते म्हणाले, चुकलेलं मागं घेणं म्हंजे माघार का? मी म्हणाले, तुमच्या या कागदाची घोषणा होत नाही. शेवटी 'माहीत नाही' लिहिलंय. माहीत नाही म्हणून कुणी मोर्च्यात येतं का?

सरांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "रेखाबाई, तू बेणं आणलं होतं. तुझ्या मायनं ते पकडलं होतं का?"

मला उत्तर होतं. मी दिलं नाही. बघू सर, पुढच्या पत्रकासोबत काढू, असं म्हणून कागद पर्समध्ये ठेवला. पुढचं पत्रक निघालं, त्याच्या पुढचं निघालं. मुलींच्या शाळेच्या बसचं, पीकविम्याचं, रस्त्याचं... तो कागद एका पर्समधून दुसऱ्या पर्समध्ये गेला. सरांचा फोन यायचा, कशी हाय, जेवली का... कागदाचं ते विचारायचे नाहीत, मी सांगायची नाही.

मग लकवा. सकाळी दात घासताना ओसरीत कोसळले. आधी हिंगोली, मग नांदेड. आणि इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे, जी माझ्यासारखीला कबूल करणं जड जातं. मी धावत गेले ती भांडायच्या तयारीनं. डॉक्टर जागेवर नसेल, ॲम्ब्युलन्स वेळेत आली नसेल, औषध बाहेरून आणायला सांगितलं असेल. वाटेतच डोक्यात मथळा तयार होता. पण ॲम्ब्युलन्स वेळेत आली होती. डॉक्टर जागेवर होते, बोलले, नीट समजावून सांगितलं. नर्सबाई सरांची कूस बदलत होत्या, त्यांच्याशी बोलत होत्या. करायचं ते सगळं झालं होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मी वॉर्डाच्या दारात उभी राहिले आणि मला कुणाचं नावच सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा माझा राग असा हातात धरून मी उभी होते आणि तो ठेवायला जागा नव्हती.

सरांची वाचा गेली होती. उजवा हात गेला होता. डोळे मात्र होते, पुरते होते. मला बघितलं आणि डाव्या हातानं चादरीवर काहीतरी करायला लागले. काकूंना वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं, ते नको. आबांना वाटलं कूस बदलायची. ते नको. ते तळहात चादरीवर सरकवत होते, एका रेषेत, मग खाली, परत एका रेषेत. आठ वेळा का, ते मी मोजलं नाही. मला पहिल्या रेषेलाच कळलं होतं.

मी म्हणाले, "छापलं, सर. वाटलं पण."

त्यांनी डोळे मिटले. तोंडाची एक बाजू हलली. मग डोळे उघडले आणि तोच डावा हात उताणा माझ्यापुढं केला. दाखव म्हणून. शिक्षकच ते... वही बघितल्याशिवाय बरोबरची खूण कधी करत नसत. मी म्हणाले, कार्यालयात राहिलं, उद्या आणते. तिथून सुटले ती थेट हिंगोलीच्या प्रेसवर. लग्नसराई होती, मशीन पत्रिकांनी अडलेली. हातापाया पडून तिसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळवली. बाकीचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. सरांना माझं खोटं कळलं होतं का? काकू म्हणतात, न्हाई, ते शांत झाले होते. आबा काहीच म्हणत नाहीत. आबांचं काही न म्हणणं मला जास्त ऐकू येतं.

तेराव्याला मी गठ्ठा घेऊन वस्तीवर गेले. मांडवाच्या तोंडाशी उभी राहून एकेकाला पत्रक दिलं. पत्रक द्यायची मला सवय आहे, लोकांचा हात कसा येतो ते मला पाठ आहे. त्या दिवशी हात वेगळा येत होता. लोकांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि न वाचता खिशात घातलं. त्यांना वाटलं दुखवट्याचा कागद आहे. ट्रॅक्टरवाला आला होता, त्यानं तेवढं उभ्यानं पूर्ण वाचलं आणि म्हणाला, ताई, हे तर सर मला सांगून गेले होते. तो बागायतदाराचा पोरगाही आला होता. त्यालाही दिलं. त्यानंही कपाळाला लावलं. तार आजही आहे. मेंढरं आजही लांबच्या वाटेनं पाण्यावर जातात. आठ ओळींनी तार निघत नाही, हे मला सरांच्या आधी माहीत होतं आणि तेच मी त्यांना ऐकवत बसले. त्यांनी तार काढायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी खोटं पुसायला सांगितलं होतं.

ते पुसायलाही मी गेले. बादलीत चुना कालवला, हौदाच्या भिंतीवर दोन हात मारले. वाळेपर्यंत भिंत पांढरी होती. वाळल्यावर लाल अक्षरं खालून परत वर आली, थोडी फिकट, पण वाचता येतील अशी. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे रंगारी सांगतो, मला कोण सांगणार? निवाऱ्यावर तर मी हात लावायच्या आतच कुणीतरी तीच घोषणा निवडणुकीसाठी नव्यानं रंगवून घेतली होती. म्हणून त्या पत्रकाला ही छापील पुरवणी. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाकडं ते मुठीचं पत्रक आलं असेल, कुणाच्या तोंडी ती घोषणा असेल, तर सरांच्या वतीनं सांगते. 'कीप'चं मूळ पकडण्यात आहे, हे चुकीचं आहे. चूक सरांची, छपाई माझी, आणि उशीर फक्त माझा. मूळ माहीत नाही.

परवा वस्तीवर गेले होते. सरांच्या ओसरीत एक फळा आहे, जुन्या दाराची फळी काळी रंगवून केलेला. निवृत्तीनंतर वस्तीवरची लेकरं शनिवारी तिथं जमायची. डाव्या बाजूला अर्थ आहेत, नावांसकट. कुणाचं कोकरू, कुणाच्या आजीचं लोणचं, कुणाचं गप बसणं. मधे रेघ. उजवीकडं 'मूळ', आणि त्याखाली काहीतरी जोरात पुसल्याचा पांढरा डाग, आणि त्या डागावर तीच तिरपी अक्षरं... माहीत नाही. काकू ओसरी सारवतात, पण फळ्याखालची हातभर जागा कोरडी सोडतात, धूळ उडू नये म्हणून. तरी धरणाकडून वारा येतोच. 'नाही'चा काना जवळजवळ गेला आहे. 'माहीत'मधली वेलांटी पुढच्या महिन्यापर्यंत राहील असं वाटत नाही.

कोनाड्यात सरांचा खडू होता, धरायच्या टोकाला चिंधी गुंडाळलेला. मी तो उचलला. काकूंना म्हटलं, त्याच रेघेवरून फिरवते, हलक्या हातानं, म्हणजे टिकेल.

काकूंनी माझ्या हाताकडं बघितलं, मग फळ्याकडं. "नको, बाई," म्हणाल्या. "मंग ते तुजं अक्षर व्हईल."

मी खडू परत कोनाड्यात ठेवला. काकूंनी सरकून खांबाशी जागा केली. ऊन माळावर उतरलं होतं, तारेपलीकडून आबांच्या मेंढरांच्या घंटा येत होत्या. आम्ही दोघी फळ्याकडं तोंड करून बसलो, हात न लावता, आणि नुसतं बघत राहिलो.